डुबुक गाणं

डू-वॉप म्हणतात त्याला, हे मला साठी ओलांडल्यावर कळलं.
तेव्हा आम्ही म्हणायचो डुबुक गाणं.
कृष्णेत धोंडा पडल्यावर येतो तसला आवाज
तीन पोरं तोंडानं काढायची
आणि चौथा, थिओफिल आवळे, वय वर्षं सतरा,
त्या आवाजावरून
पाय न भिजवता पलीकडे जायचा.

मिरजेच्या मिशन कंपाउंडातला थिओ.
रविवारी चर्चमध्ये गायचा,
एरवी सायकल हाणत सांगलीला, आयर्विन पुलाखाली.
उन्हाळ्यात नदी मागं सरली की
कमानीत झकास घुमतं म्हणून.
खर्जाला हबीब, सतारमेकर गल्लीतला.
भोपळ्याशिवाय कशातून नाद निघतो
हे त्याच्या बापाला शेवटपर्यंत मान्य नव्हतं.

रेकॉर्ड एकच निघाली. पंचेचाळीसची.
रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेले, गायले,
वडापाव खाऊन रात्रीच्या गाडीनं परत.
एका बाजूला 'सहाची गाडी'.
दुसऱ्या बाजूला काय होतं, देव जाणे,
मी कधी उलटून लावलीच नाही.

गणपती पेठेत मगदूम रेडिओवाल्याकडे बारा आल्या.
अकरा परत गेल्या.
मगदूम म्हणाले, पोरांना शब्द पाठ नव्हते वाटतं,
नुसतं डू डू करतात.

बारावी माझी.
हळदीच्या वखारीत, दुपारी हमाल पोत्यांवर आडवे झाले
की शेठच्या प्लेअरवर हळूच लावायचो.
सुई पिवळी व्हायची.
'येशील ना' वर हळदीचा कण अडकायचा,
शील ना, शील ना, शील ना,
आणि बाबू नरुटे डोळे न उघडता म्हणायचा,
अरे येईल रे, गाडी लेट असंल.

पण मी ज्यासाठी ऐकायचो ते गाणं नव्हतंच.
शेवटच्या कडव्याआधी तिघं एकदम थांबतात
आणि थिओ श्वास घेतो.
एवढंच.
तो श्वास ऐकू येतो रेकॉर्डवर,
कुणीतरी पुसायचा विसरला होता.
धरतो. धरतो. मग सोडतो.
त्या तेवढ्यात मला वाटायचं
ती उतरणार आता डब्यातून, हातात पिशवी घेऊन.

ब्याऐंशी साली खोकला धरला.
मिरजेच्या दवाखान्यात गार पत्र्याला छाती टेकवून उभा होतो.
मागून आवाज आला,
दीर्घ श्वास घ्या.
धरा.

अन् तेवढाच वेळ. अगदी तेवढाच.

सोडा.
मी सोडला नाही.
अहो, सोडा की! हललात तुम्ही, परत काढावा लागणार.

ओली फिल्म उजेडाला धरून उभा होता,
टक्कल पडलेला, गळ्यात चष्म्याची दोरी.
मी म्हटलं, सहाची गाडी?
तो माझ्या फासळ्या बघत राहिला,
एकेक खाच मोजल्यासारखा.
छातीत काही नाही, म्हणाला. हळद जरा कमी हुंगा.

हबीब कुठं असतो, विचारणार होतो.
दार लोटलं आणि आतून एकदाच आला
डुबुक,
खोल, खर्जातला.
थिओ कधी खर्ज गायचा नाही.

परवाच्या महापुरात पाणी कपाटापर्यंत चढलं.
रेकॉर्डवरचा कागद गेला, नाव गेलं,
साबणानं धुतली, तव्यासारखी उन्हात उभी केली, वाकली.
आता वाजवायला घरात काही नाही.
नातीनं फोनवर शोधलं.
असं काहीच दाखवत नाही, आजोबा, म्हणाली,
स्पेलिंग नक्की हेच ना?

एक्स-रे अन् रेकॉर्ड एकाच पाकिटात ठेवलेत.
कधी दोन्ही खिडकीपाशी धरतो.
एकातून धुरकट उजेड येतो.
दुसरी काळीच्या काळी.
मधोमध भोक आहे फक्त,
डोळा लावला की पूल दिसतो,
सगळा नाही, एक कमान.